बाळाला आत नेऊन तास झाला, मग ऑपरेशन सुरू का नाही?

मिरजेत लहान मुलांच्या ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेल्या आजोबांचा हा प्रश्न ठरलेला असतो. नातू दोन दिवसांचा, आटपाडीकडून आणलेला, सकाळी आत गेलेला. सिस्टर काहीतरी घ्यायला बाहेर आली की आजोबा उठून विचारतात, "झालं का ओ?" ती म्हणते, "अजून सुरू व्हायचंय, भूल चाललीय." आजोबा परत बाकावर बसतात आणि शेजारच्याला म्हणतात, एवढ्याशा जिवाला भूल द्यायला एवढा वेळ लागतो होय?

लागतो. आणि ज्या बाळाच्या श्वासाच्या वाटेतच जन्मतः खोट आहे, त्याच्या ऑपरेशनमधला सगळ्यात धोक्याचा टप्पा बहुतेक वेळा हाच असतो, सुरी लागायच्या आधीचा. मी स्वतः भूल देणारा डॉक्टर आहे, तेव्हा यात आपल्या कामाचा थोडा अभिमान डोकावतो हे मान्य. तरी कुठल्याही बालशल्यविशारदाला विचारून बघा. टाका चुकला तर उसवून परत घालता येतो, श्वास चुकला तर हातात सेकंद उरतात.

आधी मापं बघू. अडीच-तीन किलोच्या बाळाची श्वासनलिका स्वरयंत्रापासून तिचे दोन फाटे फुटतात तिथपर्यंत जेमतेम 4-5 सेंटिमीटर लांब असते. आतली पोकळी 4-5 मिलिमीटर. एका श्वासात आत जाते 15-20 मिलिलिटर हवा, म्हणजे औषधाच्या छोट्या चमच्याने तीन-चार चमचे. पूर्ण दिवसांच्या बाळाला आम्ही जी नळी घालतो तिचा आतला व्यास 3 किंवा 3.5 मिलिमीटर, कमी दिवसांच्या बाळाला 2.5. ही नळी सेंटिमीटरभर जास्त आत गेली तर एकाच फुफ्फुसात शिरू शकते, तेवढीच मागे सरकली तर निसटू शकते. बाळाची मान पुढे वाकवली की नळीचं टोक खाली जातं, मागे टाकली की वर येतं. त्यामुळे नळी एकदा बसली की ती चिकटपट्टीने कुणी कशी चिकटवली यावरूनही आमच्यात वाद होतात.

अरुंद वाटेची गंमत अशी की ती थोडी अजून अरुंद झाली तरी हिशेब पार बिघडतो. तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळं सांगायला नको. ठिबकच्या नळीत क्षारांचा थर बसला की पाणी बघता बघता बसतं. प्वाझय नावाच्या फ्रेंच डॉक्टराने 1840 च्या दशकात याचं गणित मांडलं. नळीची त्रिज्या निम्मी झाली की प्रवाहाला होणारा अडथळा सोळापट होतो. बाळाच्या 4 मिलिमीटरच्या वाटेत चहूबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली तर उरतात 2 मिलिमीटर, आणि श्वास ओढायला लागतो सोळापट जोर. तुमच्या-माझ्या घशात तेवढीच सूज आली तर फार तर आवाज बसेल. म्हणून बाळाच्या घशात नळी घालताना "बघू जाते का" असा जोर करणं हा आमच्या धंद्यातला मोठा गुन्हा. पहिल्या प्रयत्नात न गेलेली नळी तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात आणखीच अवघड होते, कारण सूज आपणच आणलेली असते.

दुसरी अडचण साठ्याची. बाळ किलोमागे मोठ्यांच्या जवळजवळ दुप्पट ऑक्सिजन वापरतं, आणि फुफ्फुसात शिल्लक ठेवतं फार थोडा. निरोगी मोठ्या माणसाला मास्कने भरपूर ऑक्सिजन देऊन झोपवलं, तर श्वास थांबल्यावरही त्याचं पाच-सहा मिनिटं निभावतं. नवजात बाळाच्या रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा एक-दीड मिनिटातच उतरायला लागतो, आजारी बाळाचा त्याहून लवकर. मोठ्यांचं हृदय अशा वेळी आधी धावतं; बाळाचं मंदावतं. मॉनिटरची टिकटिक 140 वरून 80 वर आली की हातातली नळी बाजूला ठेवायची, मास्क लावायचा, आधी श्वास द्यायचा. तिथे हट्टाला जागा नाही.

या सगळ्यातून आमचा पहिला नियम निघतो. बाळ स्वतः घेत असलेला श्वास, दुसरी खात्रीची वाट हातात येईपर्यंत, बंद पाडायचा नाही.

मोठ्यांच्या नेहमीच्या भुलीत आम्ही याच्या बरोब्बर उलट करतो. शिरेतून झोपेचं औषध, लगेच स्नायू सैल करणारं औषध, सगळं अंग लुळं पडतं, मग आरामात नळी. वाट सरळ असेल तर हे चालतं. पण जीभ मागे पडणारी असेल, घसा गाठीने दाबलेला असेल, श्वासनलिका कुठेतरी चिंचोळी असेल, तर बाळाच्या स्वतःच्या स्नायूंनीच ती वाट कशीबशी उघडी धरलेली असते. ते स्नायू आपण लुळे केले आणि नळी गेली नाही, मास्कनेही हवा गेली नाही, की मग मागे फिरायला जागा राहत नाही. मोठ्या माणसात अशा वेळी गळ्याला पुढून छेद देऊन वाट करता येते. नवजात बाळात ती जागा दोन-तीन मिलिमीटरची. ऐन घाईत तो मार्ग जवळपास नसल्यातच जमा.

म्हणून सेव्होफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू मास्कने, हळूहळू. बाळ झोपतं, पण श्वास चालू. स्वरयंत्रावर बधिर करणाऱ्या औषधाचा मोजून फवारा. मग लॅरिंगोस्कोपने (तोंडातून स्वरयंत्र बघायचं दिव्याचं साधन) नुसतं बघायचं: वाट दिसते का, किती दिसते. कान-नाक-घशाचे डॉक्टर हात धुऊन शेजारी उभे, त्यांची बाळासाठीची बारीक दुर्बीण आणि ट्रॅकिओस्टॉमीचा, म्हणजे गळ्याला छेद घेऊन थेट श्वासनलिकेत नळी बसवायचा, सेट उघडून ठेवलेला. टेबलावर चार मापांच्या नळ्या, एक नंबरचा लॅरिंजियल मास्क (हा घशात स्वरयंत्रावर बसतो, खाली शिरत नाही; 5 किलोपर्यंतच्या बाळांना एक नंबर लागतो), लाळ-कफ ओढायचं सक्शन चालू करून तपासलेलं. बाळाच्या खांद्याखाली छोटी गुंडाळी, कारण बाळाचं डोकं मागून मोठं असतं आणि सपाट झोपवलं की मान आपोआप पुढे दुमडते. एसी बंद. थंडी लागली की बाळाची ऑक्सिजनची गरज वाढते, म्हणून खोली तापवलेली. गाउनच्या आत आम्ही घामाघूम. आजोबांना जो वेळ दिसतो तो बराचसा यात गेलेला असतो.

एवढी यंत्रं असूनही माझा डावा हात बाळाच्या हनुवटीवर आणि उजवा जॅक्सन रीसच्या सर्किटच्या पिशवीवर असतो. लिव्हरपूलच्या या भूलतज्ज्ञाने 1950 मध्ये बाळांच्या नळीला मागून एक छोटी पिशवी जोडली; सत्तर वर्षं उलटली तरी ती गेलेली नाही. पिशवी दोन बोटांत धरली की फुफ्फुस किती मऊ आहे, मध्ये कुठे अडतंय, हे बोटांना कळतं. डाव्या छातीवर चिकटवलेला छोटा स्टेथोस्कोप कानात. बोटांना आधी कळतं, मॉनिटरचा आकडा मागून बदलतो, हे नव्या डॉक्टरांना सांगून पटत नाही, एकदा अनुभव आला की पटतं.

आता आटपाडीच्या नातवाकडे येऊ. अशा वयात अशा तातडीने येणाऱ्या बाळांत नेहमी दिसणारा दोष म्हणजे अन्ननलिका मधेच तुटलेली असणं आणि तिचा खालचा तुकडा श्वासनलिकेला जोडलेला असणं. साधारण 3,000 ते 4,500 जन्मांमागे एक असं हे प्रमाण आहे. याचे पाच प्रकार आहेत, पण 85 टक्क्यांच्या आसपास बाळांत एकच चित्र असतं: वरचं टोक पिशवीसारखं बंद, खालचं टोक श्वासनलिकेच्या मागच्या भिंतीत उघडलेलं. बाळाने गिळलेली लाळ वरच्या पिशवीत साठते आणि तोंडातून फेस येत राहतो, पुसला तरी पुन्हा येतो. पाजलं की ठसका, बाळ निळं. पोटात नळी घालायला गेलं की ती 10 सेंटिमीटरच्या आसपास अडते, आणि एक्स-रेत वेटोळं करून बसलेली दिसते. आईच्या सोनोग्राफीत पाणी जास्त आहे असं कधीकधी आधीच लिहिलेलं असतं, कारण बाळ गर्भजल गिळू शकत नव्हतं.

इथे एक गोष्ट स्पष्टच सांगतो. जन्मल्या जन्मल्या बाळाला मधाचं बोट किंवा घुटी चाटवायची पद्धत आपल्याकडे अजून आहे. कुठल्याच बाळाला ती देऊ नये, पण या बाळाला दिली तर ते चाटण वरच्या पिशवीतून उतू जाऊन फुफ्फुसाकडे जातं. फेस येणाऱ्या बाळाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, आजीने कितीही आग्रह केला तरी.

भुलीच्या दृष्टीने हा दोष फसवा आहे. वाट दिसते, नळी सहज जाते, आणि खरी पंचाईत नंतर सुरू होते. आपण पिशवी दाबून हवा दिली की ती फुफ्फुसाऐवजी सोप्या वाटेने, म्हणजे श्वासनलिकेतून अन्ननलिकेच्या खालच्या तुकड्यात उघडणाऱ्या त्या चोरवाटेने, पोटात जाते. पोट फुगतं, छातीचा पडदा वर ढकलला जातो, फुफ्फुसाला जागा उरत नाही; म्हणून आपण अजून जोराने दाबतो, पोट अजून फुगतं. क्वचित जठर फुटतंही. उलट दिशेने जठरातलं आम्ल फुफ्फुसात चढतं. म्हणून चोरवाट बंद होईपर्यंत बाळाला शक्यतो स्वतःच श्वास घेऊ द्यायचा, किंवा अगदी हलक्या हाताने मदत करायची.

नळी कुठे ठेवायची यातच कसब आहे. चोरवाट बहुतेकदा श्वासनलिकेच्या खालच्या भागात, दोन फाट्यांच्या थोडीच वर असते. नळीचं टोक तिच्या खाली पण फाट्याच्या वर हवं, आणि ही पट्टी कधीकधी काही मिलिमीटरची असते. एक जुनी रीत अशी: नळी मुद्दाम उजव्या फुफ्फुसात सारायची, डावीकडचा आवाज बंद होतो, मग डावीकडे आवाज पुन्हा ऐकू येईपर्यंत मिलिमीटर-मिलिमीटरने मागे घ्यायची. नळीच्या टोकाचा तिरका काप पुढच्या बाजूला फिरवायचा, म्हणजे मागच्या भिंतीतल्या भोकाकडे नळीची बंद बाजू येते. हल्ली सोय असेल तिथे आधी दुर्बिणीने बघतात. भोक मोठं किंवा अगदी फाट्यावर असेल तर त्यात बारीक फुगा असलेला कॅथेटर सरकवून ते तात्पुरतं बुजवतात. दुर्बिणीत जाणारी दहा-पंधरा मिनिटं मला कधीच वाया गेल्यासारखी वाटत नाहीत. भोक कुठे आहे हे न बघता बाळाला कुशीवर वळवणं मला पटत नाही, पण सगळीकडे ती दुर्बीण नसते हेही खरं.

मग बाळ डाव्या कुशीवर, उजव्या बरगड्यांमधून छेद. सर्जन फुफ्फुस हलकेच बाजूला धरतो, म्हणजे आमच्याकडे उरतं जेमतेम दीड फुफ्फुस. मधेच पिशवी कडक लागते. नळी सरकली? रक्ताची गुठळी अडकली? सर्जनच्या हाताने श्वासनलिका दुमडली? हे तिन्ही होतं आणि तिन्ही मॉनिटरवर सारखंच दिसतं. अशा वेळी "सर, थांबा" म्हणायची मोकळीक असणारी टीम हवी. सर्जन हात काढतो, सक्शन होतं, आकडा वर येतो, पुन्हा सुरुवात. लांबलेल्या ऑपरेशनमध्ये असं दहादा होऊ शकतं.

चोरवाट सापडली की सर्जन लगेच बांधत नाही. आधी तिच्यावर नुसता चिमटा लावतो आणि विचारतो, "दोन्ही बाजूला हवा जातेय?" त्या जागेत सगळं एकमेकांना इतकं चिकटून असतं की भोक समजून फुफ्फुसाकडे जाणारा फाटाच चिमट्यात यायचा धोका असतो. मी दोन्हीकडे ऐकतो, हो म्हणतो, मग ती बांधली जाते. त्यानंतरचं थिएटर वेगळंच असतं. पिशवी मऊ होते, हवा जिकडे जायला हवी तिकडे जाते, कुणीतरी पहिल्यांदा चहाचं नाव काढतं. वरच्या आणि खालच्या टोकांची जोडणी नंतर होते. वरचं टोक नेमकं कुठे आहे ते सर्जनला कळावं म्हणून मी तोंडातून एक नळी घालून ते खालून दिसेल असं ढकलतो. ही अशी एका बैठकीतली जोडणी पहिल्यांदा यशस्वी झाली ती 1941 मध्ये, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, कॅमेरॉन हेट या सर्जनच्या हातून. त्याच्या आधीच्या पिढ्यांत हे बाळ जगतच नसे.

ऑपरेशन संपल्यावर बाळ बऱ्याचदा नळीसकटच काचेत जातं आणि काही दिवस व्हेंटिलेटरवर राहतं. "मशीनवर टाकलं" हे ऐकून घरच्यांचा धीर सुटतो. पण इथे बहुतेकदा ते ठरवून केलेलं असतं: ताजे टाके आहेत, नळी काढली आणि घाईत पुन्हा घालायची वेळ आली तर त्या टाक्यांवरच ताण येतो.

अन्ननलिकेचा दोष निदान आधी कळलेला असतो. मला जास्त धास्ती वाटते ती न कळलेल्या दोषाची. बाळाला शौचाची जागाच नाही म्हणून पोटाच्या ऑपरेशनला आणलंय, श्वासाची काही तक्रार नाही. स्वरयंत्र स्वच्छ दिसतं, नळी स्वरपट्ट्यांमधून जाते, आणि पुढे जात नाही. स्वरपट्ट्यांच्या खाली एक पूर्ण गोल कूर्चेचं कडं असतं, ते जन्मतःच अरुंद असू शकतं. किंवा त्याहून खाली, श्वासनलिकेच्या कड्या मागून उघड्या असायच्या त्याऐवजी पूर्ण गोल असतात आणि वाट चिंचोळी होत जाते. एका अवयवाचा दोष घेऊन आलेल्या बाळात दुसऱ्या अवयवाचा दोष असण्याची शक्यता वाढलेली असते, हे मनात ठेवूनच आत जायचं. इथे 3.5 ची नळी गेली नाही तर 3, मग 2.5, फार तर 2. तीही नाही तर थांबायचं. लॅरिंजियल मास्कवर किंवा नुसत्या मास्कवर बाळाचं चालत असेल आणि ऑपरेशन छोटं असेल तर तसंच उरकायचं. थांबू शकणारं असेल तर बाळाला उठवायचं. नातेवाइकांना हे पचत नाही, "आत नेऊन परत आणलं" म्हणून चिडतात. माझ्या मते न करता बाहेर आणलेलं बाळ हे कधीकधी त्या दिवसाचं सगळ्यात चांगलं काम असतं. आतड्याची कोंडी मात्र थांबत नाही, तेव्हा ट्रॅकिओस्टॉमीपर्यंत जावं लागतं.

काही खुणा घरच्यांना आणि आशाताईंना आधीच दिसू शकतात. बाळाचं रडणं जन्मापासून अगदी बारीक, घोगरं असेल तर स्वरपट्ट्यांमध्ये पडदा असू शकतो. शांत असताना बाळ निळं पडतं आणि रडलं की गुलाबी होतं, असा उलटा प्रकार दिसला तर नाकाची मागची वाट दोन्हीकडून बंद असण्याचा संशय घ्यावा. नवजात बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेतं, रडताना तोंड उघडतं म्हणून निभावतं. तोंडात एक छोटा एअरवे (तोंडाची वाट उघडी ठेवणारी वाकडी नळी) बसवून ठेवला की ऑपरेशनपर्यंतचा वेळ मिळतो. हनुवटी फारच आत गेलेली, जीभ मागे पडलेली, बऱ्याचदा टाळूही दुभंगलेला, याचं वर्णन पिअर रॉबिन या फ्रेंच डॉक्टराने 1923 मध्ये केलं. त्याच्या पहिल्या उपचाराला यंत्रच लागत नाही: बाळाला पालथं झोपवायचं, जीभ वजनानेच पुढे येते. मात्र हे दवाखान्यात, लक्ष ठेवून. नुसतं हे वाचून निरोगी बाळाला घरी पालथं झोपवू नका.

सोनोग्राफीतच गळ्याची मोठी गाठ किंवा वरची वाट पूर्ण बंद असल्याचं दिसलं तर प्रसूतीच वेगळ्या तऱ्हेने करता येते. सिझेरियनमध्ये बाळाचं डोकं-खांदे बाहेर काढायचे, नाळ कापायची नाही, गर्भाशय भुलीच्या वायूने सैल ठेवायचं. वार चिकटलेली आहे तोवर आईच बाळाला ऑक्सिजन पुरवते आणि तेवढ्यात नळी किंवा ट्रॅकिओस्टॉमी होते. आईला रक्तस्राव होण्याचा धोका यात खरा आहे, आणि त्याला दोन भुलीच्या टीम लागतात. असं कळलं तर सातव्या-आठव्या महिन्यातच मोठ्या केंद्रात नाव घाला. कळा सुरू झाल्यावर पाटणहून किंवा जतहून गाडी काढून हे साधत नाही.

गाडीचा विषय निघालाच आहे तर. 108 मधून फेस येणारं बाळ आणताना डोक्याकडची बाजू उंच, तोंडातली लाळ दर थोड्या वेळाने ओढलेली, अंगावर टोपी-दुलई, तोंडावाटे काही नाही. बाळ स्वतः श्वास घेत असेल तर धीर धरायचा, उगाच मास्कने हवा भरायची नाही. वर सांगितलेलं पोट फुगणं गाडीतच सुरू होतं. मिरजेला 1894 मध्ये वॉनलेस साहेबांनी दवाखाना काढल्यापासून दूरदूरचे पेशंट इथे यायची सवय आहे, कऱ्हाड-साताऱ्याकडेही आता सोयी आहेत. तरी निघण्याआधी फोन करून बालशल्यविशारद आणि व्हेंटिलेटरची जागा आहे ना एवढं विचारायला लावा. महात्मा फुले योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला विचारता येतं, पण ते बाळ पोचल्यावर.

बाळ घरी आलं की काही महिने, कधी काही वर्षंही, त्याचा खोकला भुंकल्यासारखा ऐकू येतो. चोरवाट होती तिथली श्वासनलिकेची भिंत मऊ राहिलेली असते, त्याचा तो आवाज. खोकला चालेल, पण पाजताना निळं पडणं किंवा घास अडकणं चालणार नाही, लगेच दाखवा.

आणि डिस्चार्जच्या दिवशी एक कागद मागून घ्या. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, टाके कधी काढायचे असतं, पण नळी कशी गेली हे बहुतेकदा नसतं. ते भुलीच्या कागदावर असतं आणि तो कागद दवाखान्याच्या फायलीत राहतो. कितव्या मापाची नळी बसली, किती प्रयत्नांत, कशाच्या मदतीने, मास्कने हवा नीट जात होती का, या चार गोष्टी भूलतज्ज्ञाकडून कार्डावरच लिहून घ्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. अशा बाळांना पुढे टाळूचं, हर्नियाचं, कशाचं ना कशाचं ऑपरेशन लागतंच. तेव्हा सही करायच्या आधी तो फोटो समोरच्या भूल देणाऱ्या डॉक्टरला दाखवा, ऑपरेशन दाताचं असलं तरी.